नाममुद्रा

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव आज तेरणेच्या कांठचें एक मोठें खेडें म्हणून ओळखलें जातें. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत मात्र ‘तगर’ या नांवानें तें ग्रीक दर्यावर्द्यांस ठाऊक होतें. ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथांत आणि टॉलेमीच्या भूगोलांत त्याचा उल्लेख आहे. हें तगर म्हणजे कोणतें गांव, यावर विद्वानांनीं पुष्कळ दिवस वाद घातला. कोणी देवगिरीचें नांव घेतलें, कोणी जुन्नरचें, डॉ. भांडारकरांचा कल धारूरकडे होता. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं तें तेरच होय असें साधार दाखविलें. गांवांत आज एक सरकारी संग्रहालय आहे. रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनीं शेतांतून, पांढरीच्या टेंकाडांतून आणि लोकांच्या घरांतून जन्मभर वेंचून आणलेल्या वस्तूंतून तें उभें राहिलें. भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, सांचांतून काढलेल्या मूर्ति, मणी, शंखाच्या बांगड्या, आणि पाँपेईच्या उत्खननांत सांपडलेल्या मूर्तीशीं नातें सांगणारी एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति, अशा हजारों वस्तु तेथें आहेत. आम्ही हें संग्रहालय एकाहून अधिक वेळां पाहिलें. प्रत्येक वेळीं मनांत एकच गोष्ट आली. या बाहुल्यांचे केस विंचरण्याची तऱ्हा, कानांतलीं भूषणें, ओठांवरचें हसूं, हें सारें कोणा तरी कुंभारानें मन लावून घडविलें. त्या कुंभाराचें नांव मात्र एकाही वस्तूवर नाहीं.

त्याच तेरेंत, सुमारें हजार वर्षांनंतर, दुसरा एक कुंभार झाला आणि त्याचें नांव आज महाराष्ट्रांत लहान मुलासही ठाऊक आहे. गोरोबाकाकांचा काळ परंपरेप्रमाणें १२६७ ते १३१७ असा मानतात. त्यांनीं घडविलेलीं मडकीं फुटून मातीस मिळाली असतील. त्यांच्या नांवावर जेमतेम वीसेक अभंग उरले आहेत. परंतु त्या अभंगांच्या अखेरीस ‘म्हणे गोरा कुंभार’ अशी खूण आहे, आणि तेवढ्या खुणेच्या बळावर सातशें वर्षें ते अभंग त्यांचेच राहिले. या खुणेला आपल्याकडे नाममुद्रा म्हणतात. जी रचना कोणीही म्हणावी, उतरून घ्यावी, कीर्तनांत गावी, तिच्या कर्त्याचें नांव कसें टिकतें आणि कसें पुसलें जातें, याचा विचार करूं लागलें म्हणजे मराठी माणसास प्रथम या मुद्रेकडेच पाहावें लागतें.

संतांचे अभंग विकण्यासाठीं नव्हते. त्यांवर कोणाचा पहारा नव्हता. वारीच्या वाटेवर ऐकलेला अभंग ज्याच्या कानीं पडला त्याचा झाला. तो त्यानें आपल्या गांवीं नेला, आपल्या चालीवर म्हटला, वहींत लिहिला. अशा वाङ्मयाला संरक्षण द्यावयाचें तर तें बाहेरून देतां येत नाहीं; तें रचनेच्या पोटांतच असावें लागतें. मुद्रा ही शेवटच्या चरणांत वृत्तांत गुंफलेली असते. ती गाळावी तर चरण लंगडा होतो, म्हणून गाणाऱ्याला ती म्हणावीच लागते. पंढरपुरापासून शंभर कोसांवरच्या, अक्षरशत्रु माणसाच्या तोंडूनही कर्त्याचें नांव वदविणारी ही युक्ति ज्या कोणाला प्रथम सुचली त्याची कल्पकता मोठी म्हटली पाहिजे.

मुद्रांचे प्रकारही पाहण्यासारखे आहेत. गोरा आपल्या नांवाबरोबर आपला धंदा सांगतो, नरहरि सोनारही सांगतो. जनाबाई आपणांस नामयाची दासी म्हणवून घेते. एकनाथांच्या ‘एका जनार्दनीं’ या मुद्रेंत शिष्याचें आणि गुरूचें नांव एकत्र आहे. कर्त्यानें आपल्या नांवाबरोबर आपलें ऋणही तेथेंच नोंदवून ठेविलें. पुढें शाहिरांनीं हीच रीत उचलली. ‘होनाजी बाळा’ या जोडनांवांत रचणारा होनाजी शिलारखाने आणि गाणारा बाळा करंजकर असे दोघे आहेत. गाणाऱ्याला कवीच्या बरोबरीनें नांवांत वांटा देणारा हा करार दोनशें वर्षांपूर्वींच्या तमाशाच्या फडांत झाला, याचें आमच्या सुशिक्षितांस फारसें कौतुक नसतें!

जनाबाईंच्या नांवावर एक अभंग आहे, त्यांत तर लिहून घेणाऱ्यांचीही यादी दिली आहे. ज्ञानदेवांचे बोल सच्चिदानंदबाबा लिहीत, सांवता माळ्याचे काशिबा गुरव, चोखामेळ्याचे अनंतभट्ट, असें सांगत सांगत शेवटीं जनीचें लेखन खुद्द पांडुरंगाकडे दिलें आहे. हा अभंग जनाबाईंचाच कीं मागून कोणी रचला, हा प्रश्न वेगळा. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि दोघांचींही नांवें ठेवावीं, ही जाणीव त्या परंपरेंत होती एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

परंतु मुद्रेचें बळ जेथें आहे तेथेंच तिचें मर्मही आहे. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ हीं तिन्ही पदें चार अक्षरांचीं. एक काढून दुसरें बसविलें तर वृत्ताला धक्का लागत नाहीं. गाळणें कठीण, बदलणें सोपें, अशी ही स्थिति आहे.

या दुबळेपणाचा फायदा घेणारा एक इसम सतराव्या शतकांत तुकोबांना भेटला. त्याचें नांव सालोमालो. तो तुकोबांचे अभंग घेई, त्यांतील मुद्रा काढून तेथें आपलें नांव घाली आणि लोकांत कवि म्हणून मिरवी. गाथेंत या प्रकरणावरचे अभंग आहेत. तुकोबांचा संताप त्यांत लपलेला नाहीं. एकाचें तें आपलें म्हणून यानें सगळ्याचा विध्वंस केला, संतांचीं वचनें मोडून त्यांचे आपल्या अंगावर दागिने केले, असा त्या तक्रारीचा आशय आहे.

हे अभंग वाचतांना आम्हांस पुष्कळ वर्षें एक अडचण वाटत आली. तुकोबा स्वतःच वारंवार सांगतात कीं हे बोल माझे नव्हत, बोलविता धनी वेगळाच आहे. नामदेवांनीं स्वप्नांत येऊन आपली राहिलेली अभंगसंख्या पुरी करण्याची आज्ञा केली, असेंही ते सांगतात. म्हणजे आपलें सारें कवित्व त्यांनीं नामदेवांच्या खात्यावर जमा केलेलें. ज्यानें मालकी अशी सोडून दिली, त्याला चोरीचें दुःख कां व्हावें? कोणी म्हणतील कीं साधु झाला तरी कवि तो कविच. हें उत्तर सोपें आहे, पण तें आमच्या मनास पटत नाहीं.

आमच्या मतें याचें उत्तर तुकोबांच्या चरित्रांतच आहे. वाघोलीच्या रामेश्वरभटांनीं आक्षेप घेतला, अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या, आणि तुकोबा तेरा दिवस नदीकांठीं अन्नपाण्यावांचून पडून राहिले, अशी परंपरा आहे. ही शिक्षा कोणास झाली? ज्याचें नांव त्या अभंगांत होतें त्यास. शूद्र असून वेदार्थ बोलतो, या आरोपाचा धनी ‘तुका म्हणे’ मधला तुका होता. सालोमालोला कोणी इंद्रायणीवर बोलाविलें नाहीं. मुद्रा ही मालकीची पाटी नव्हे, ती जामीनकी होय. हें मी बोललों आहें, याचा जाब मला विचारा, असा तिचा अर्थ. जो जामीन राहिला नाहीं त्यानें आपलें नांव तेथें घालावें, हें तुकोबांना सोसलें नाहीं. शब्द देवाचा मानणाऱ्या माणसालाही ही तक्रार करतां येते. किंबहुना त्यालाच ती अधिक तीव्रतेनें करतां येते.

सालोमालोचा उद्योग टिकला नाहीं याचें श्रेय मात्र तुकोबांच्या रागाला देतां येत नाहीं. तें संताजी तेली जगनाडे यांच्यासारख्यांच्या वह्यांना आहे. शब्द आणि मुद्रा एकत्र बांधून ठेवणाऱ्या वह्या देहू, तळेगांव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणीं घरोघर जपल्या गेल्या. १८६९ सालीं शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनीं इंदुप्रकाश छापखान्यांतून गाथेचा पहिला भाग काढला, तो अशाच वह्या ताडून. एका वहींतला खोटेपणा दुसऱ्या वहीनें उघडा पडतो. नांवाचें रक्षण एकटें नांव करूं शकत नाहीं; त्याला साक्षीदार लागतात, आणि ते एकमेकांपासून दूर राहणारे असावे लागतात.

चोरीची दुसरीही एक जात आहे, आणि ती आमच्याकडे अधिक झाली. तींत माणूस दुसऱ्याचें काव्य आपल्या नांवावर घेत नाहीं, तर आपलें काव्य मोठ्याच्या नांवावर लोटतो. कधीं तें भक्तीनें होतें, कधीं कपटानें, आणि पुष्कळदां केवळ नांवाच्या सारखेपणानें. सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा याची रचना नामदेवांच्या गाथेंत मिसळली ती अशीच, आणि ती निवडतां निवडतां संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रांत ‘भारद्वाज’ या सहीनें लिहिणाऱ्या लेखकानें तर ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन निरनिराळे पुरुष होत असा सिद्धान्त मांडला. महाराष्ट्रांत केवढी खळबळ उडाली! वादाचा मुख्य आधार भाषेचा व मुद्रांचा होता. गंमत अशी कीं नांवांचा हा एवढा काथ्याकूट करणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनीं स्वतःचें नांव मात्र टोपणनांवाखालीं झांकलें होतें.

गोरोबांनीं थापटणें हातीं घेऊन संतांच्या मस्तकांची परीक्षा केली आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा सर्वश्रुत आहे. जुन्या गाथांचे संपादक हेंच काम करतात. फरक एवढाच कीं त्यांचें थापटणें अभंगावर पडतें, आणि नाद ऐकून हें मडकें कोणत्या भट्टींतलें तें सांगावयाचें असतें. त्यांत चुका होतात. खुद्द गोरोबांच्या वीसेक अभंगांतले किती त्यांचे, असा प्रश्न कोणी विचारला तर आम्ही छातीठोकपणें उत्तर देणार नाहीं.

या भेसळीवर उपाय म्हणून दोन निरनिराळ्या वाटा मराठींत चोखाळल्या गेल्या. पहिली महानुभावांची. म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनीं पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे स्वतः जाऊन. सांगणाऱ्याचें नांव आणि पाठभेद सांभाळण्याची एवढी काळजी त्या काळच्या दुसऱ्या कोणा मराठी ग्रंथकारानें घेतलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु पुढें पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. कुलूप भक्कम होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं संशोधकांना त्याची किल्ली मिळेपर्यंत बाहेरच्या कोणासही तें उघडतां आलें नाहीं. ग्रंथ शुद्ध राहिले. पण मराठी गद्याचा हा आद्य ठेवा मराठी समाजाच्या कामीं शतकानुशतकें आला नाहीं. हें नुकसान केवढें झालें याचा हिशेब मांडणें कठीण आहे.

दुसरी वाट उघड्या दाराची. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीच्या प्रति ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि अखेरीस बजावलें कीं या ग्रंथांत जो आपली ओवी घालील त्यानें अमृताच्या ताटांत करवंटी ठेविली असें समजावें. ग्रंथ वाचूं नका, उतरूं नका, असें नाथ म्हणत नाहींत. हवा तितका न्या, पण त्यांत आपलें मिसळून तें ज्ञानदेवांच्या नांवावर खपवूं नका, एवढेंच त्यांचें मागणें आहे. नाथांची स्वतःची करणीही त्यास धरून होती. एवढें श्रम करून शुद्ध केलेल्या ग्रंथावर त्यांनीं आपली मालकी सांगितली नाहीं. केलेल्या कामाची तिथिवार नोंद मात्र ठेविली.

या दुसऱ्या वाटेचा एक उत्तम दाखला पुन्हा धाराशिव जिल्ह्यांतलाच आहे. परांडें तालुक्यांत सीनेच्या कांठीं डोमगांव आहे. तेथें समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ व समाधि आहे. समर्थांनीं सांगावें आणि कल्याणांनीं लिहावें, अशी दासबोधाची जन्मकथा सांगतात. कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत या मठांत पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९०५ च्या सुमारास दासबोध छापला तो याच प्रतीवरून. तोंवर बाजारांत दासबोध नव्हता असें नाहीं, पण समर्थांच्या निकटचा पाठ कोणता, हें सांगण्यास डोमगांवचा आधार लागला. दासबोधाच्या पहिल्याच समासांत समर्थांनीं आपण कोणकोणत्या ग्रंथांच्या आधारें बोलत आहों त्यांचीं नांवें दिलीं आहेत; पुढें लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहून अक्षर कसें काढावें, ओळी कशा ठेवाव्या, हेंही शिकविलें आहे. महिपतीबोवाही भक्तविजयाच्या आरंभीं नाभाजी व उद्धवचिद्घन यांचें ऋण मान्य करतात. आमच्या पूर्वजांना श्रेय देण्याची कल्पनाच नव्हती, असें परभाषेंतील पुस्तकें वाचून म्हणणाऱ्यांनीं हीं चार पानें तरी उलटावीं.

कायदा या गोष्टीकडे उशिरां वळला. हिंदुस्थानांत ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा १८४७ सालीं झाला, दुसरा १९१४ सालीं. त्यांचें लक्ष मुख्यतः छापण्याच्या हक्काकडे, म्हणजे पैशाकडे होतें. हक्क विकला तरी कर्त्याचें कर्तेपण विकलें जात नाहीं, हें तत्त्व बर्न येथें १८८६ सालीं झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांत रोमच्या १९२८ च्या दुरुस्तीनें शिरलें. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमांत तें आलें. गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंतांना नांवाचा तसाच हक्क मिळावयास २०१२ साल उजाडावें लागलें. बाळा करंजकराला होनाजीनें तो आधींच देऊन ठेविला होता. अलीकडे, २००२ पासून, कित्येक लेखक व चित्रकार आपलें काम ‘नांव द्या आणि खुशाल वापरा’ अशा अटीवर खुलें करतात. ही अट नवी म्हणून सांगितली जाते तेव्हां वारकऱ्याला हसूं येत असेल.

मात्र कायदा असो वा मुद्रा असो, दोहोंनाही आधीं एक नांव लागतें. जेथें नांवच नाहीं तेथें काय? तुळजापुरास आराधी गाणीं म्हणतात, गोंधळी संबळावर आख्यानें लावतात. त्यांतील कित्येक रचनांचा कर्ता कोण हें त्यांनाही ठाऊक नाहीं. त्याहून मोठा प्रश्न जात्यावरच्या ओवीचा आहे. ही ओवी बायकांनीं रचिली आणि बायकांनींच वाढविली. तींत भावाचें नांव येतें, लेकाचें येतें, सासर-माहेरचीं गांवें येतात, पंढरीचा विठोबा येतो, तुळजापूरची आई येते. दळणारी बाई साऱ्यांचीं नांवें घेते, आपलें तेवढें घेत नाहीं. जनाबाईही दळत होती. पण तिनें मुद्रा घातली आणि ती जनाबाई झाली. बाकीच्यांचें पीठ झालें.

ओव्यांच्या आरंभींच्या संग्रहांत ओवीखालीं सांगणारीचें नांव बहुधा नसे. संग्राहकाचें नांव मुखपृष्ठावर असे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांचीं गाणीं १९५२ सालीं त्यांच्या नांवानें छापलीं गेलीं, याचें कारण त्यांचा मुलगा स्वतः कवि होता. बाई तोंवर वारल्या होत्या. १९८० नंतरच्या दशकांत हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनीं पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचें काम हातीं घेतलें आणि ओवीगणिक बाईचें व गांवाचें नांव टिपण्याची शिस्त ठेविली. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आडगांवच्या एखाद्या बाईचें नांव तिनें म्हटलेल्या ओवीखालीं छापलेलें दिसतें, तेव्हां सातशें वर्षें राहून गेलेलें एक काम कोणी तरी हातीं घेतलें असें वाटतें.

हें लिहितांना आम्हांस आमचीच एक जुनी वही समोर ठेवावी लागली. तरुणपणीं, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, तेरणेच्या कांठच्या एका खेड्यांत आम्ही दोन दिवस राहिलों होतों. तेथें एका म्हाताऱ्या बाईनें आम्हांस चाळीसावर ओव्या सांगितल्या. पहांटे उठून ती मुद्दाम जात्यावर बसली. बसल्याशिवाय आठवत नाहीं, असें म्हणाली. त्यांतल्या निवडक ओव्यांवर आम्हीं लेख लिहिला, तो छापून आला, दोघां-तिघां वडीलधाऱ्यांनीं वाखाणला. पुढें दुसऱ्या एका लेखकानें त्या ओव्या आमचें नांव न घेतां उचलल्या, तेव्हां आम्हीं संपादकांस रागाचें पत्रही धाडलें. परवां ती वही उघडली. पहिल्या पानावर गांवाचें नांव आहे, तारीख आहे, ज्यांच्या घरीं उतरलों त्या पाटलांचें नांव आहे, परतीच्या मोटारीची वेळसुद्धां आहे. ओव्या सांगणारीचें नांव नाहीं. आम्हीं तें विचारलेंच नव्हतें.

गेल्या वर्षीं त्या गांवीं जाऊन आलों. पाटलांचा वाडा उभा आहे, माणसें पुण्याला गेलीं. त्या वेळीं दळावयास बसणाऱ्या दोघी होत्या, एक थोरली जाऊ आणि एक शेजारीण, असें एका म्हाताऱ्यानें सांगितलें. तुम्हांला कोणीं सांगितल्या तें कसें कळावें, म्हणाला. आम्हीं दोघींचींही नांवें वहींत, त्या पहिल्या पानावर, तारखेखालीं लिहून घेतलीं.